चाकणकरांनो, संदर्भ उघडून बघा!



आज रात्री तुमच्या घरात कुणीतरी मोबाईलवर काहीतरी शोधणार आहे. मुलगी शाळेचा प्रकल्प लिहील. मुलगा पोलीस भरतीचा अभ्यास करील. आजीचे पाय सुजले म्हणून सून एखाद्या गोळीचं नाव टाकून बघील. बहुतेक वेळा वरच विकिपीडियाचं पान येईल. नाहीतर एखादा चॅटबॉट उत्तर देईल, आणि त्याच्या उत्तरातही बहुधा विकिपीडियाचा वाटा असेल. वाक्याच्या शेवटी चौकटी कंसात एक छोटा निळा आकडा दिसेल. आकडा आहे म्हणजे पुरावा आहे, असं धरून सगळे पुढे जातील.

थांबा. तिथंच थांबा. त्या आकड्याखाली नेमकं काय आहे, हे घरातल्या कुणी उघडून पाहिलं का?

एवढ्या एका प्रश्नासाठी हे आवाहन आहे. तो प्रश्न तुम्ही विचारावा, मुलांना विचारायला लावावा आणि आजच सुरुवात करावी.

शेजारच्या गोव्यात काय झालं ते ऐका. जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर डिचोलीच्या युद्धाबद्दल एक पान आलं. १६४०-४१ साली डिचोलीत पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात लढाई जुंपली, शेवटी तह झाला, अशी त्यात सविस्तर हकिकत होती. सुमारे साडेचार हजार शब्दांचा मजकूर. भाषा अभ्यासकाची. खाली पुस्तकांचे रीतसर संदर्भ. दोनच महिन्यांत संपादकांनी त्या पानावर 'चांगला लेख' असा शिक्का मारला. पुढं पाच वर्षं ते तसंच राहिलं. डिसेंबर २०१२ मध्ये एका स्वयंसेवकानं खाली दिलेली पुस्तकं शोधायला घेतली. ती सापडेनात. सापडणार कुठून? ती कधी लिहिलीच गेली नव्हती. युद्धही झालं नव्हतं. सगळं रचलेलं होतं. पान काढून टाकलं गेलं, पण तोवर त्याच्या नकला इतरत्र पसरल्या होत्या.

आता तुम्हीच सांगा. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० साली महाराज दहा वर्षांचे. राज्याभिषेक १६७४ चा. डिचोलीचा मुलूख तेव्हा आदिलशाहीत. मग १६४० साली मराठा साम्राज्य आलं कुठून? आपल्याकडं चौथीत शिवरायांचा इतिहास शिकलेलं पोरसुद्धा हे बोट ठेवून दाखवील. ती थाप पकडायला यंत्र लागलं नाही, पदवी लागली नाही. संदर्भ उघडायला एक माणूस लागला, आणि तो यायला पाच वर्षं लागली. तो माणूस तुम्ही होऊ शकता. तुमच्या गावाबद्दल, तुमच्या इतिहासाबद्दल लिहिलेलं तपासायला तुमच्याहून जवळचं कोण आहे?

दुसरा धोका ओळखायला आणखी अवघड. मार्च २००९ मध्ये मॉरिस जार हे फ्रेंच संगीतकार वारले. डब्लिनमधल्या एका विद्यार्थ्यानं एक वाक्य स्वतः रचलं आणि विकिपीडियाच्या पानावर ते जार यांच्या तोंडी घातलं. वृत्तपत्रं तपासून छापतात की नाही, हे त्याला पाहायचं होतं. वाक्याला संदर्भ नाही म्हणून संपादकांनी ते काढलंही. पण मधल्या काही तासांत ते पत्रकारांच्या हाती लागलं होतं. नामांकित वृत्तपत्रांनी ते मृत्युलेखात छापलं. त्या विद्यार्थ्यानं स्वतः कळवेपर्यंत कुणाला शंका आली नाही. आता पुढचा विचार करा. त्यातल्याच एखाद्या वृत्तपत्राचा हवाला देऊन तेच वाक्य उद्या पुन्हा पानावर चढलं असतं, तर? विकिपीडियावरून वर्तमानपत्रात, वर्तमानपत्रातून परत विकिपीडियावर. मूळ पुरावा कुठंच नाही, आणि दिसताना दोन ठिकाणी छापलेलं दिसतं!

म्हणून विचारा: बातमी आधीची की पान आधीचं? प्रत्येक पानावर 'इतिहास' असतो. कुठलं वाक्य कोणत्या तारखेला आत आलं, ते तिथं कळतं. वाक्य आलं आधी आणि 'पुरावा' म्हणून जोडलेली बातमी छापली गेली नंतर, असं दिसलं तर सावध व्हा. ती बातमी पुरावा नाही. तो त्याच वाक्याचा प्रतिध्वनी आहे.

चाकणला हे नव्यानं शिकवावं लागत नाही. नाणेकरवाडीपासून म्हाळुंगे-निघोजेपर्यंत घरटी एक माणूस कंपनीत आहे. गेटवर स्टीलच्या बारचा ट्रक आला की तुम्ही काय करता? टेस्ट सर्टिफिकेट मागता, टीसी. टीसीवरचा हीट नंबर बारवर मारलेल्या नंबराशी जुळवता. जुळला नाही तर लाल टॅग लावून माल बाजूला. नुसता कागद सोबत आहे म्हणून तुम्ही माल लाइनवर सोडत नाही, कारण त्या बारचा पार्ट उद्या कुणाच्या तरी गाडीच्या ब्रेकमध्ये बसणार असतो. संदर्भ हा वाक्याचा टीसी आहे. कंपनीत आठ तास जी नजर ठेवता, ती घरी आल्यावर मुलांच्या वहीसाठी अर्धा तास वापरा.

कशी वापरायची? पाच गोष्टी करा.

पहिली, आकड्यावर टिचकी मारा. खाली संदर्भ दिसेल. लेखक, शीर्षक, तारीख, पान क्रमांक दिला आहे का ते बघा. दुवा असेल तर उघडा. उघडत नसेल तर लगेच सोडून देऊ नका. 'वेबॅक मशीन' नावाच्या संकेतस्थळावर जुन्या पानांच्या प्रती साठवलेल्या असतात. तिथं तो दुवा टाकून बघा.

दुसरी, आत तेच लिहिलं आहे का ते वाचा. पुष्कळदा संदर्भ खरा असतो, फक्त त्यात ते वाक्यच नसतं. मूळ लेखात 'शक्यता आहे' असं असतं आणि पानावर 'सिद्ध झालं आहे' असं झालेलं असतं. हा फरक यंत्राच्या नजरेतून सुटू शकतो. वाचणाऱ्या माणसाला तो चटकन दिसतो.

तिसरी, बोलणारा कोण ते ओळखा. औषधाची तारीफ औषध विकणाराच करतोय का? पुढाऱ्याचं कर्तृत्व त्याच्याच प्रसिद्धिपत्रकातून आलंय का? संस्थेचा इतिहास तिच्याच माहितीपत्रकातून उचललाय का? तसं असेल तर त्यापासून वेगळा, दुसरा स्रोत मागा. एकाच बातमीची दहा ठिकाणी छापलेली नक्कल म्हणजे दहा स्रोत नव्हेत. तो एकच स्रोत.

चौथी, पुस्तकाचं नाव दिलं असेल तर ते पुस्तक आहे का ते पाहा. अलीकडच्या बहुतेक छापील पुस्तकांवर तेरा आकड्यांचा आयएसबीएन असतो. भारतातल्या पुस्तकांचा तो ९७८-८१ किंवा ९७८-९३ नं सुरू होतो. मुलांना कागद-पेन्सिल द्या. पहिला आकडा तसाच ठेवा, दुसऱ्याला तीननं गुणा, तिसरा तसाच, चौथ्याला तीननं गुणा, असं तेराव्यापर्यंत करा आणि बेरीज मांडा. बेरजेला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. नाही गेला तर आकडा चुकलाय किंवा कुणीतरी मनानं लिहिलाय. भाग गेला म्हणजेही पुस्तक आहेच, असं नाही. म्हणून 'वर्ल्डकॅट'सारख्या जगभरच्या ग्रंथालयांच्या सूचीत नाव टाकून बघा. मराठी पुस्तक असेल तर ग्रंथपालांना विचारा. जुन्या मराठी पुस्तकांवर असा क्रमांक नसतोच. तिथं ग्रंथपालांचं ज्ञानच कामी येतं.

पाचवी, 'चर्चा' पान उघडा. एखाद्या वाक्यावरून संपादकांत वाद झाला असेल तर तो तिथं वाचायला मिळतो. वाक्यापुढं 'संदर्भ हवा' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा मान राखा. कुणीतरी तुमच्यासाठी तिथं खूण करून ठेवली आहे. ते वाक्य मुलांच्या वहीत जाऊ देऊ नका.

यंत्रं मदतीला आहेत, हेही सांगतो. इंग्रजी विकिपीडियावर संपादकांनी चर्चा करून स्रोतांची मोठी यादी केली आहे: कोणता भरवशाचा, कोणता बेभरवशाचा. त्याच विचारातून २०१७ साली त्यांनी ब्रिटनच्या 'डेली मेल'चा हवाला सर्वसाधारणपणे वापरायचा नाही, असं ठरवलं. 'साइट अनसीन' नावाचं साधन संदर्भांपुढं खूण दाखवतं: ही बातमी, हे पुस्तक, हा ब्लॉग, हा पक्षपाती स्रोत. मागं घेतलेले शोधनिबंध हुडकणारे बॉट आहेत. मेलेल्या दुव्यांना जुन्या प्रती जोडणारे बॉट आहेत. २०२३ मध्ये संशोधकांनी 'साइड' नावाची एक प्रणाली जगापुढं मांडली. दिलेला संदर्भ वाक्याला आधार देतो का, हे ती तपासते आणि दुसरा सुचवते. तिला जे संदर्भ सर्वांत लंगडे वाटले, त्या दहा टक्क्यांत माणसांनी सत्तर टक्के वेळा मूळ संदर्भापेक्षा तिनं सुचवलेला पसंत केला.

पण ही साधनं मुख्यतः इंग्रजी मजकुरावर वाढलेली आहेत. आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकात आलेली बातमी, पुण्यातल्या एखाद्या मंडळानं काढलेला शकावलीचा खंड, गावच्या यात्रेची स्मरणिका, यातलं काय भरवशाचं हे त्यांना कोण सांगणार? मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. आज त्यावर एक लाखाच्या आसपास लेख आहेत आणि नियमानं राबणारे हात मोजकेच आहेत. तिथं चूक राहिली तर ती काढायला कुणी दुसरं येईल म्हणून वाट बघू नका. मराठीपुरतं सांगायचं तर, तपासणारं यंत्र येईपर्यंत तपासणारी माणसं तुम्हीच आहात.

आणि आता घाई करायला हवी. चॅटबॉट काही सेकंदांत लेख लिहून देतात. सोबत पुस्तकांची नावं देतात, लेखकांची देतात, पान क्रमांकही देतात. त्यातली काही पुस्तकं जगात नसतात. डिचोलीचं युद्ध रचणाऱ्याला बसून साडेचार हजार शब्द लिहावे लागले. आज तेवढा मजकूर चहा निवायच्या आत तयार होतो. धोका एवढा वाढला की ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं नियमच केला: यंत्रानं लिहिलेलं, माणसानं न तपासलेलं आणि खोट्या संदर्भांचं पान लांबलचक चर्चेविना तातडीनं काढता येईल. त्यांनी दाराशी माणूस उभा केला. आपण केला का?

हे नुसतं शाळेच्या गुणांपुरतं असतं तर एवढं कळकळीनं लिहिलं नसतं. खेड तालुक्यात शेतात, गोठ्यात, कंपनीमागच्या गवतात साप निघतात. घोणस चावली आणि घरातल्या पोरानं घाबरून मोबाईल उघडला, तर त्याला काय वाचायला मिळतं यावर एक जीव अवलंबून असतो. जखम कापू नका, तोंडानं विष ओढू नका, करकचून बांधू नका, माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन करा, प्रतिसर्पविष मिळणाऱ्या दवाखान्यात न्या. खरा सल्ला एवढाच आहे. याच्या उलट सांगणारं वाक्य, मागं निळा आकडा लावून, कुणी टाकलं तर? म्हणून आरोग्याचं काहीही वाचताना खालचा संदर्भ आधी बघा. तिथं जागतिक आरोग्य संघटना किंवा शासनाचा आरोग्य विभाग आहे, की कुणाच्या तेलाची जाहिरात? विकिपीडियाचाच आग्रह आहे की वैद्यकीय माहिती एका सुट्या प्रयोगावर न बेतता अनेक संशोधनांचा आढावा घेणाऱ्या लेखांवर बेतावी. आणि शेवटी डॉक्टरांनाच विचारा. आजीची गोळी मोबाईल बघून बदलू नका.

'कुठून आलं हे?' असं न विचारण्याची सवय किती महागात पडते, ते महाराष्ट्रानं पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेनं जमाव पेटला. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीतल्या पाच जणांना त्यानं ठार मारलं. त्यांच्याही घरी लेकरं होती. ती अफवा पुढं ढकलणाऱ्यांपैकी एकेकानं दोन मिनिटं थांबून विचारलं असतं, तर? आपण थांबणारी माणसं होऊ या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये विकिपीडियाच्या छत्रपती संभाजी महाराजांवरच्या मजकुरावरून राज्यभर संताप उसळला. सायबर पोलिसांनी तो मजकूर काढायला विकिपीडियाला कळवलं, पुढं काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला गेला. महाराजांच्या बलिदानाशी जोडलेली तुळापूर आणि वढू ही गावं इथून फार लांब नाहीत. आपल्या भागातल्या माणसाला ते लागणं साहजिकच आहे. त्या वादाचा निवाडा इथं करत नाही. पण एक मागणं आहे. पुढच्या वेळी असा स्क्रीनशॉट हातात आला की रागानं पुढं पाठवायच्या आधी ते पान उघडा. त्या वाक्याचा संदर्भ काढा. मूळ पुस्तक कोणाचं, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलेलं, लिहिणारा कोणाच्या बाजूचा, ते बघा. त्याहून भक्कम साधन तुमच्याकडं असेल तर चर्चा पानावर मांडा. शंभर शिव्यांनी जे वाक्य हलत नाही, ते एका अस्सल कागदानं बदलतं.

आणि अस्सल कागदाची ओढ आपल्याला परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुनी पत्रं आणि दप्तरं शोधत गावोगाव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, पुढं एकूण बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश मराठीत आणला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून मराठी विश्वकोश उभा केला. तो आज तुमच्या मोबाईलवर फुकट वाचता येतो. विकिपीडियाचं एखादं वाक्य पडताळायचं असेल तर तिथं जरूर बघा. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं.

सुरुवात घराजवळून करा. चाकणचा संग्रामदुर्ग तुमचा आहे. जून १६६० मध्ये शायिस्तेखानानं त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मूठभर माणसांनिशी लढला. १४ ऑगस्टला सुरुंगानं बुरूज उडाला, आणि मग किल्ला पडला. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पण वेढा किती दिवस चालला? कुठं पंचावन्न वाचाल, कुठं छप्पन्न. मुलांना विचारा: हा फरक का पडतो? वेढ्याचा पहिला दिवस कोणता धरला? शेवटचा कोणता, बुरूज उडाला तो की किल्ला ताब्यात दिला तो? मोगल दरबारच्या 'आलमगीरनाम्या'त काय नोंद आहे? मराठी बखरींत काय आहे, आणि त्या बखरी किती वर्षांनी लिहिल्या? एका आकड्यामागं मुलं शाळेला सुट्टी असेल तेवढा वेळ रमतील, आणि पुन्हा कधी निळा आकडा बघून गप्प बसणार नाहीत.

शिक्षकांनो, प्रकल्पाच्या गुणांतले काही गुण संदर्भासाठी ठेवा. झेरॉक्स काढून चिकटवलेल्या चित्रांपेक्षा मुलानं स्वतः उघडून वाचलेल्या एका संदर्भाचं कौतुक करा. ग्रंथपालांनो, चाकण-खेडवर छापलेलं जे काही तुमच्या कपाटात आहे, त्याची यादी करून दर्शनी भागात लावा. क्वालिटी विभागातल्या मित्रांनो, सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या दहा पोरांना बसवा आणि संदर्भ कसा जुळवायचा ते दाखवा. तुमच्याइतकं कुणाला जमणार नाही. ग्रुप ॲडमिन असाल तर नियम करा: मूळ कुठलं हे सांगितल्याशिवाय इतिहासाचं, औषधाचं आणि अपहरणाचं काही टाकायचं नाही. ओडिशा, बिहार, तमिळनाडूहून इथं कामाला आलेल्या शेजाऱ्यांनो, तुमच्या गावाची पानं तुमच्या भाषेत तपासा. इथं बसूनही ते जमतं.

आईबाबांनो, तुमच्याकडं सगळ्यात मोठं काम आहे. मुलानं 'नेटवर आहे' म्हटलं की रागावू नका, हसण्यावारी नेऊ नका. शेजारी बसा. म्हणा, 'दाखव, कुठून आलंय.' दोघं मिळून उघडा. चूक सापडली तर शाबासकी द्या. मग पानावरचं 'संपादन' दाबून ती दुरुस्त करा, खरा संदर्भ जोडा, किंवा निदान चर्चा पानावर लिहून ठेवा. विकिपीडिया कुणालाही दुरुस्त करता येतो. म्हणून तो बिघडतो, आणि म्हणूनच तो तुम्हाला सुधारता येतो.

पैसे लागत नाहीत. परवानगी लागत नाही. दहा मिनिटं लागतात.

तुम्ही सचोटीनं जगणारी माणसं आहात. कुणाच्या लेकराला खोटं शिकवावं, कुणाच्या आजीला चुकीची गोळी जावी, असं तुम्हाला कधीच वाटणार नाही. म्हणूनच हे तुमच्याकडं मागतो आहे. उद्यावर टाकू नका. आज जेवणं झाली की मोबाईल घ्या, आपल्या गावाचं पान उघडा, एका आकड्यावर बोट ठेवा आणि खाली काय आहे ते वाचा. मग घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात मोबाईल द्या आणि पुढचा संदर्भ त्याला उघडू द्या.